आभासी रुग्ण आणि औषधविक्रेत्याचे संभाषणशिक्षण

मध्य रेल्वेवर कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की पहिले स्थानक शहाडचे. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, लागूनच उल्हासनगरची वस्ती आणि मुरबाडकडे जाणारा रस्ता यांमुळे या भागातील औषधाच्या दुकानापुढे मराठी, हिंदी, सिंधी व आगरी बोलणारी माणसे एकाच रांगेत उभी असतात. या रांगेशी कसे बोलावे, हे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने शिकावयाचे कोठे?

हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. संधिवातावरील मेथोट्रेक्झेटची गोळी सामान्यतः आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेली, तर रक्तपेशींची निर्मिती खुंटून प्राणावर बेतू शकते. म्हणूनच 2015 च्या औषधव्यवसाय विनियमांनी औषधासंबंधी रुग्णाला स्वतः समजावून सांगण्याची जबाबदारी नोंदणीकृत औषधव्यावसायिकावर टाकली, आणि पदविका अभ्यासक्रमाच्या 2020 च्या विनियमांनंतर समुपदेशनाच्या संवादांचा सराव प्रात्यक्षिकांत आला. मात्र वर्गमित्रालाच रुग्ण केले की दोघेही हसतात, आणि खऱ्या रुग्णावर चुकण्याची मुभा कोणीही देणार नाही.

या अडचणीवर वैद्यकशिक्षणाने पूर्वीच उपाय शोधला होता. 1963 मध्ये अमेरिकेत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी रुग्णाची लक्षणे वठविणारी प्रशिक्षित व्यक्ती विद्यार्थ्यांपुढे बसविली. संगणकावरील आभासी रुग्ण हा त्याच कल्पनेचा पुढचा टप्पा होय. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेले ‘मायडिस्पेन्स’ हे संगणकीय औषधालय आज अनेक देशांत वापरले जाते. तेथे विद्यार्थी चिठ्ठी वाचतो, ग्राहकाला प्रश्न विचारतो, औषध देतो. चुकला तर पुन्हा आरंभ करतो.

परंतु परदेशी रुग्ण आणून शहाडचे काम भागणार नाही. असा एक पाठ कल्पावा. पडद्यावर एक आजीबाई मेथोट्रेक्झेटची चिठ्ठी घेऊन उभ्या आहेत. विद्यार्थी सारे नीट सांगतो आणि विचारतो, ‘‘समजलं ना?’’ उत्तर येते, ‘‘हो रे बाळा, समजलं.’’ येथेच तो थांबला, तर पाठ अनुत्तीर्ण. ‘‘आजी, कुठल्या वारी घेणार?’’ असे विचारले, तरच आजी म्हणते, ‘‘वार कसला? रोज सकाळी, चहाबरोबर.’’ आपल्याकडील रुग्ण वडीलधाऱ्या वयाचा असला, तरी दुकानदारापुढे संकोचतो व न समजताही मान हलवितो. तो संकोच आभासी रुग्णातही उतरला पाहिजे.

अर्थात संगणक रांगेतील धक्काबुक्की दाखवीत नाही, की उधारीची विनवणी करीत नाही. पदविकेनंतरच्या किमान 500 तासांच्या व्यावहारिक प्रशिक्षणाला तो पर्याय नव्हे. त्यापूर्वीची ती तालीम आहे. तिच्यासाठी महागडी यंत्रणाच हवी, असेही नाही. रुग्णाचे प्रत्येक उत्तर वेगळ्या पत्त्यावर लिहून, विद्यार्थ्याच्या प्रश्नाप्रमाणे पुढचा पत्ता उघडला, तरी पाठ उभा राहतो.

खरे काम आहे ती वाक्ये जमविण्याचे. अध्यापकांनी जवळच्या दुकानात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीशी थोडा वेळ उभे राहावे आणि लोक काय विचारतात ते, कोणाचेही नाव न लिहिता, टिपून घ्यावे. ‘‘उपवासाला गोळी चालते का?’’ ‘‘बरं वाटलं तर बंद करू?’’ ‘‘शेजारणीला हीच दिलीय, तिची घेतली तर?’’ ग्रामपंचायत सदस्यांना यांतील निम्मे प्रश्न तोंडपाठ असतील. त्यांनाही वर्गात बोलावण्यास हरकत नाही.