गिरिभ्रमण आणि प्रवेश-परवाना

वसई पूर्वेतील एव्हरशाईन सिटी या दाट वसाहतीच्या पूर्वेस, राष्ट्रीय महामार्गापलीकडे, तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. घराजवळचा डोंगर म्हणजे मोकळे रान, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र २००३ पासून अभयारण्य आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व तानसा अभयारण्य यांना सांधणारा हा दुवा असून बिबट्यासारख्या प्राण्यांची ये-जा येथून होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. कर्तव्यावरील लोकसेवक, तेथे राहण्याची परवानगी असलेले, तेथील स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे आणि अशांचे अवलंबित यांखेरीज इतरांस परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन व पर्यटन यांसाठी तो देण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. आग लावण्यास कलम ३० ने मनाई केली आहे. वाटेत कोणी अडविले नाही, याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही.

परवान्यामागे केवळ वन्यजीवांचेच रक्षण असते असे नाही. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम व मणिपूर येथे जाणाऱ्या परराज्यांतील भारतीय नागरिकांसही इनर लाइन परमिट घ्यावे लागते. त्याचे मूळ १८७३ च्या बंगाल पूर्व सीमांत विनियमात आहे. ब्रिटिश सत्तेने तो आपले व्यापारी हितसंबंध जपण्यासाठी केला. आज तेथील समाज त्याकडे आपल्या भूमीचे व संस्कृतीचे कवच म्हणून पाहतात. तुंगारेश्वरच्या परिसरातही वारली व अन्य आदिवासींचे पाडे आहेत. त्यांच्या शेताबांधांवरून, पाणवठ्यांवरून जाताना आपण पाहुणे आहोत, हे भान पर्यटकांनी ठेवले पाहिजे.

तिसरे रक्षण खुद्द प्रवाशाचे. जुलै २०१८ मध्ये चिंचोटी धबधब्याच्या परिसरात पाण्याचा लोंढा वाढून शंभराहून अधिक सहलकरी अडकले व एकास प्राण गमवावे लागले. अशा वेळी किती माणसे आत गेली, कोणत्या वाटेने गेली आणि केव्हा परतणार होती, याची नोंद असल्यास शोधकार्यास निश्चित दिशा मिळते. पावसाळ्यातील मनाई आदेशांचे प्रयोजनही हेच होय.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शिक्षकांनी सहल ठरविण्यापूर्वी वन कार्यालयात चौकशी करून परवाना घ्यावा, विद्यार्थ्यांची यादी एक प्रत जवळ व एक शाळेत ठेवावी आणि गावातील माहीतगार वाटाड्या बरोबर घ्यावा. ग्रामपंचायतींनी धोक्याच्या जागांचे व मनाई आदेशांचे फलक वाटेच्या तोंडाशीच लावावेत. अधिकाऱ्यांनी परवाना कोठे, कोणाकडे व किती शुल्कात मिळतो, हे सोप्या मराठीत जाहीर करावे. परवाना मिळविण्याची रीत सुलभ झाली, की आडवाटेने आत शिरण्याचे कारण उरणार नाही.