पागोळ्यांचे पाणी

अमरकोश पाठ करताना पाण्याचे ‘जीवन’ हे नाव आम्ही लहानपणी घोकले. त्याचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर आमच्या सूनबाईंनी शिकविला.

आमचे घर नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याच्या बाजूला. आषाढात छपरावरचे पाणी धो धो वाहून जाते आणि वैशाखात विहीर तळ दाखविते. मग घागर बायकांच्या डोईवर. आम्ही पुरुषमंडळी नामाचा महिमा सांगत बसतो आणि पाण्याला सून जाते. हे आम्हांलाच लागू, म्हणून बोलतो.

हिशेब पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वीस फूट बाय पंचवीस फूट छप्पर म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर २७,६०० लिटर. सांडलवंड म्हणून पाचवा हिस्सा सोडा, तरी २२,००० उरते! पाच माणसांच्या पिण्या-रांधण्याला रोज ५० लिटर लागते असे धरले, तर ५,००० लिटरची टाकी शंभर दिवस पुरते. बरे, पाऊस मोजणे ही काही साहेबाचीच विद्या नव्हे. कौटिल्याने कोठारात एक अरत्नी, म्हणजे चोवीस अंगुळे, तोंडाचे कुंड त्यासाठीच ठेवायला सांगितले आहे. साठवणही जुनीच. शेजारच्या गुजरातेत जुन्या घरांच्या अंगणाखाली टाके असे. पोरबंदरला गांधीजींच्या वडिलोपार्जित घरातही होते.

आम्ही टाकी बांधली, पत्र्याला पन्हाळ लावली, आणि मृगाचा थेंबही वाया जाऊ नये या हावेने सगळे पाणी आत सोडले. वर्षभराची धूळ, पाखरांची घाण, कुजका पाला, सारे आत गेले. दिवाळीनंतर झाकण काढले तो वास! सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, हे तुळशीलासुद्धा घालवत नाही हो.” टाकी उपसावी लागली. त्या वैशाखात त्या पुन्हा विहिरीवर.

तेव्हा वाचकहो, पावसापूर्वी छप्पर झाडून घ्या. नळाला फाटा ठेवून पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा, मग टाकीकडे वळवा. तोंडाला दुपदरी फडके बांधा. झाकण घट्ट हवे. उजेड शिरला की शेवाळ धरते, फट राहिली की डास होतात. वराहमिहिराने बृहत्संहितेत निवळीचे बी सांगितले आहे, त्याने गढूळपणा खाली बसतो. पण रोगाचे जंतू त्याने जातीलच असे नाही, म्हणून पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. टाकी भरल्यावरचे पाणी शोषखड्ड्यात सोडा, जमिनीत मुरेल.

वापरलेल्या पाण्याचे आम्हां जुन्या माणसांना नवल नाही. तांदूळ धुतलेले गाईला, मोरीचे अळूला आणि केळीला. ही रीत नळ आल्यावर सुटली, एवढेच.

फाटा बसविल्यानंतरच्या वैशाखअखेर टाकीत हातभर पाणी शिल्लक होते. सूनबाई त्या महिन्यात रोज संध्याकाळी हरिपाठाला अगदी सुरुवातीपासून बसल्या.