पिठाचा कोंबडा आणि चाळीस दिवसांचे आयुष्य : यशोधरकथेच्या संदर्भात आजचे कुक्कुटपालन

यशोधर राजाच्या कथेइतका भारतीय भाषांतून दूरवर प्रवास केलेली जैन कथा क्वचितच आढळेल. आठव्या शतकातील हरिभद्राच्या 'समराइच्चकहा' या प्राकृत ग्रंथात ती येते. इ. स. ९५९ मध्ये सोमदेवसूरी तिला 'यशस्तिलक' या संस्कृत चंपूत विस्तार देतो, त्याच शतकात मान्यखेटच्या परिसरात पुष्पदंत ती अपभ्रंशात 'जसहरचरिउ' म्हणून रचतो आणि १२०९ मध्ये जन्न तिला कन्नडात 'यशोधरचरिते' हे रूप देतो. तमिळमधील पाच लघुकाव्यांत तिला स्थान आहे. जुन्या गुजराती व मराठी जैन कवींनाही ती परिचित होती. गिरीश कार्नाडांनी १९८० मध्ये 'हिट्टिन हुंज' या कन्नड नाटकासाठी जन्नाच्या काव्याचाच आधार घेतला. या दोन कन्नड शब्दांचा अर्थ 'पिठाचा कोंबडा'.

कथेचा गाभा असा. राणीच्या व्यभिचाराने व्यथित झालेल्या यशोधराला आई चंद्रमती अरिष्टनिवारणासाठी पशुबळी देण्याचा आग्रह करते. राजा जीवहत्येला नकार देतो. तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. प्रत्यक्षात एकही प्राणी मेलेला नसतो. तरीही मारण्याचा संकल्प झाला एवढ्या कारणाने मायलेकांना मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड अशा योनींतून फिरावे लागते आणि पशुयोनींच्या अखेरीस दोघेही कोंबडे होतात. हिंसा कृतीत नसून संकल्पात असते हा सिद्धान्त एवढ्या कठोरपणे मांडणारी दुसरी भारतीय कथा दाखविणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखात या कथेचा विचार एका वेगळ्या कारणासाठी केला आहे. आज भारतात पूर्वी कधीही नव्हत्या इतक्या कोंबड्या पाळल्या आणि खाल्ल्या जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी होती. गणना एका वेळच्या पक्ष्यांची असते. मांसासाठी वाढविलेल्या पक्ष्यांच्या तर वर्षाला पाच-सहा पिढ्या एकाच शेडमधून जातात. २०२२-२३ मध्ये देशात झालेल्या सुमारे ९८ लाख टन मांसोत्पादनापैकी निम्म्याहून थोडे अधिक मांस कोंबडीचे होते. या वस्तुस्थितीला यशोधरकथेची नीती लावून पाहिली, तर ती कोठपर्यंत पोचते आणि कोठे अडते?

प्रथम अधिक जुन्या पुराव्याकडे वळावे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अभक्ष्य पक्ष्यांच्या यादीत ग्रामकुक्कुट येतो. निषेध गावच्या कोंबड्याचा आहे, आणि त्याचे एक उघड कारण त्याच्या उकिरड्यावर चरण्यात शोधता येते. याच अध्यायात पुढे अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना घातक म्हटले आहे. जैन आचारशास्त्रातील कृत, कारित आणि अनुमोदित ही त्रयी हेच अधिक नेमकेपणाने सांगते. म्हणजे दोष साखळीतील प्रत्येक कडीला वाटून देण्याची सोय परंपरेत आहे. 'गिऱ्हाइकाने केवळ पैसे दिले' ही सबब तिला मान्य नाही.

मात्र या सर्व विचारात प्रश्न मरणाचा आहे. मारावे की मारू नये, खावे की खाऊ नये, एवढ्याभोवती तो फिरतो. मरण्यापूर्वी तो पक्षी कसा जगला, हे विचारलेले नाही; कारण विचारण्याची गरज नव्हती. उकिरडा उकरणारी, धुळीत लोळणारी, पिल्ले घेऊन हिंडणारी कोंबडी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. या दृष्टीने अशोकाचा पाचवा स्तंभलेख फार मोलाचा वाटतो. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांच्या यादीबरोबरच कोंबड्यांना खच्ची करू नये अशी आज्ञा आहे. येथे मरणाविषयी काही नाही. पाळलेल्या पक्ष्याच्या जिवंत देहाशी माणसाने काय करावे याविषयी आहे. परंपरेने हा धागा पुढे फारसा ओढला नाही.

तो धागा ग्रंथांत नसला तरी बोलींत होता. मराठीत अंड्यावर यावयाच्या तरुण कोंबडीला 'तलंग' म्हणतात आणि शासकीय वाटपयोजनांतही तो शब्द टिकून आहे. अंडी देणे थांबवून उबवायला बसू पाहणारी कोंबडी 'खुडूक' होते. मग ती कोणाला जवळ येऊ देत नाही, दाणापाणी सोडते, आणि उगाच एका जागी बसून राहणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावला जातो. राणीखेत रोगाला 'मानमोडी' हे नाव आहे, आणि १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीलाही खेड्यांत हेच नाव पडले होते. पक्ष्याच्या मरणाची आणि माणसाच्या मरणाची साथ एकाच शब्दाने ओळखणारी ही भाषा पक्ष्याकडे जवळून पाहत होती. ती दयाळू होती असे मात्र समजू नये. डालग्याखाली कोंडलेली कोंबडी पाहुणा आला की कापली जाई, झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला पाते बांधले जाई, आणि मसाल्याचा खर्च कोंबडीपेक्षा जास्त झाल्याची म्हण तिच्या किमतीविषयी पुरेसे सांगते. तथापि कापणाऱ्या हाताला ती कोणती कोंबडी, हे ठाऊक असे.

हे ज्ञान कोणत्या काळात निरुपयोगी झाले, त्याच्या तारखा सांगता येतात. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. या व्यवसायाचे केंद्र पुढे पुणे झाले. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती अस्तित्वात आली. नंतरच्या दशकात तमिळनाडूच्या कोइमतूर परिसरात करारपद्धतीने मांसल पक्षी वाढविण्याची रीत रुजली आणि तेथून ती महाराष्ट्र-कर्नाटकासह इतरत्र पसरली. या रीतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि श्रम शेतकऱ्याचे. पक्षी कधीही शेतकऱ्याच्या मालकीचा होत नाही. त्याला किलोमागे वाढवणावळ मिळते.

भाषेने या बदलाची नोंद ताबडतोब घेतली. जी केवळ कोंबडी होती तिला आता विशेषण लागले : मराठीत गावठी किंवा गावरान, हिंदीत आणि बंगालीत देशी, तमिळमध्ये नाट्टु, तेलुगूत नाटु, कन्नडात नाटि, मल्याळममध्ये नाडन्. या सर्व विशेषणांचा रोख 'आपल्या मुलखातील' असाच आहे. सहा-सात भाषांनी एकमेकींना न विचारता एकच विशेषण शोधावे, ही घटना तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. नव्या पक्ष्याला मराठीत आरंभी 'इंग्लिश कोंबडी' म्हटले गेले. पुढे 'ब्रॉयलर'चे 'बॉयलर' झाले, आणि पाणी तापविण्याच्या यंत्राचे नाव एका सजीवाला कायमचे चिकटले. दुकानात तर कोंबडीही उरली नाही. तेथे 'चिकन' मिळते.

हा बदल केवळ ऱ्हास म्हणून वर्णिणे अन्यायाचे होईल. ज्या अनेक मांसाहारी घरांत बोकड चाले पण उकिरड्यावर चरणारी कोंबडी निषिद्ध असे, तेथे बंदिस्त शेडमधील पक्ष्याने तो अडसर दूर केला. बंगालीत कोंबडीला विनोदाने 'रामपाखी' म्हणण्याची जी प्रथा होती, तिच्यामागे हाच संकोच होता. मटण न परवडणाऱ्या कुटुंबांच्या ताटात प्रथिने आली हेही खरे. शिवाय भारतात मांसाहाराविषयीचा नैतिक उपदेश बहुधा वरून खाली झालेला आहे. कोंबडी खाणारा हलका, ही त्याची गृहीत बाजू. कुक्कुटपालनाच्या नीतीची चर्चा त्या उपदेशाची नवी आवृत्ती होणार असेल, तर ती न झालेली बरी.

म्हणूनच प्रश्न खाण्याचा न ठेवता जगविण्याचा ठेवावयास हवा. मांसल पक्षी पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो. छातीचे मांस झपाट्याने वाढते; पाय आणि हृदय त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे लंगडेपणा आणि आकस्मिक मृत्यू या व्यवसायात ठरलेल्याच गोष्टी आहेत. त्यांना 'मरतूक' असा हिशेबी शब्द आहे. या पक्ष्यांचे जनक-पक्षी आयुष्याचा मोठा भाग अर्धपोटी ठेवावे लागतात. पोटभर खाल्ल्यास ते इतके जड होतात की प्रजननास निकामी ठरतात. भूक ही येथे उपेक्षेने आलेली नाही, वंशातच योजलेली आहे. जमिनीवर तूस किंवा भुसा पसरून पक्षी ठेवण्याच्या रीतीला मराठीत 'गादी पद्धत' म्हणतात. नामकरण करणाऱ्याच्या मनात उपरोध नसावा. अंड्यांवरील कोंबडीच्या वाट्याला 'पिंजरा पद्धत' येते, आणि त्यात एका पक्ष्याला मिळणारी जागा टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी असते. तिला पंख पसरता येत नाहीत. ती खुडूकही होत नाही. तो गुण निवडपैदाशीने जवळजवळ काढून टाकला आहे. अंडी देणाऱ्या जातीचे नर पिल्लू अंडी देणार नाही आणि मांसही पुरेसे धरणार नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारले जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही प्रथा बंद केली.

या सर्वांत संकल्प कोणाचा? पैदासकार वजनाचे गणित पाहतो, अंडी उबवणारा पिल्ले मोजतो, शेतकरी कंपनीचे वेळापत्रक पाळतो, दुकानदार मागणी पुरवितो. मारण्याचा संकल्प शोधला तर तो दुकानदाराच्या सुरीपाशी सापडेल, आणि दुःख देण्याचा संकल्प कोठेच सापडणार नाही. यशोधराने संकल्प केला, जीव गेला नाही. येथे अगणित जीव जातात आणि संकल्प सापडत नाही. जैन विचारात उपजीविकेच्या ओघात घडणाऱ्या अपरिहार्य हिंसेला 'उद्योगी हिंसा' म्हणतात. आजच्या कुक्कुट-उद्योगाला ते नाव चपखल वाटेल, परंतु ते चुकीचे आहे, कारण येथे हिंसा ओघात घडत नसून तीच उत्पादनाची रीत आहे.

साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीवर दोष टाकणे मात्र सोपे असते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्ल्यू आढळला आणि लाखो पक्षी मारण्यात आले. मराठी वृत्तपत्रांत त्यासाठी 'कलिंग' हा शब्द रूढ झाला, बहुधा 'मारणे' फार उघड वाटल्यामुळे. २०२० च्या आरंभी चिकनमुळे करोना होतो या अफवेने भाव इतके कोसळले की कर्नाटकात काही ठिकाणी जिवंत पक्षी पुरण्यात आले. गर्दीच्या शेडमध्ये रोग आवरण्यासाठी प्रतिजैविकांचा वापर इतका वाढला की माणसांवरील उपचारात अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर पशुखाद्यासाठी २०१९ मध्ये केंद्राला बंदी घालावी लागली.

पर्यावरणाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. एक किलो वजनासाठी या पक्ष्याला दीड ते पावणेदोन किलो खाद्य पुरते. वायूंचे उत्सर्जन आणि पाणी यांच्या हिशेबातही तो म्हैस किंवा शेळीपेक्षा पुष्कळ सरस ठरतो. निव्वळ या मापाने मोजणारा कोंबडीच खा असे सांगेल. परंतु एका बोकडाचे मांस दहा-बारा किलो भरते आणि दोन किलोच्या कोंबडीचे सव्वा ते दीड किलो. बोकडाच्या जागी कोंबडी आली की एका जीवाच्या जागी आठ जीव येतात, तेही वर वर्णिलेल्या प्रकारे जगलेले. पृथ्वीवरचा भार कमी करण्याचा मार्ग दुःखाची संख्या वाढवितो, हा पेच कोणत्याही जुन्या नीतिग्रंथापुढे उभा राहिला नव्हता. शिवाय ते दीड किलो खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीन. कुक्कुट-उद्योगाच्या मागणीवरून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली, तेव्हा ऐन काढणीच्या तोंडावर भाव पाडल्याची तक्रार मराठवाडा-विदर्भातील सोयाबीन उत्पादकांनी केली. कोंबडी स्वस्त राहण्याची किंमत अशी दुसऱ्याच शेतात चुकती होते.

कायद्याने अशोकाचा तुटलेला धागा काही अंशी उचलला आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात, वाजवी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा मानला आहे, आणि विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात अंड्यांवरील व मांसल कोंबड्यांच्या निवाऱ्यासाठी नियमांचा मसुदाच जोडला आहे. त्यानंतरही पिंजरे राहिले. दुसऱ्या बाजूस २०१९ च्या पशुगणनेतच एक अनपेक्षित आकडा आहे : परसातील पक्ष्यांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, व्यापारी शेडमधील पक्ष्यांची केवळ ४.५ टक्क्यांनी. म्हणजे तलंग, खुडूक, डालगे हे शब्द अद्याप कोशात टाकून देण्याजोगे झालेले नाहीत, आणि शेडमध्ये काय नाहीसे झाले याची मोजदाद करण्यास तेच सर्वांत विश्वसनीय साधन आहे.

यशोधरकथेच्या शेवटाकडे कोंबड्यांच्या योनीतील मायलेकांना मुनींचा उपदेश ऐकून पूर्वजन्मांचे स्मरण होते आणि ते आनंदाने आरवतात. त्या आवाजाच्या रोखाने राजा शब्दवेधी बाण सोडतो आणि दोघेही मरतात. आजच्या शेडमध्ये हा प्रसंग घडू शकत नाही. कोंबडा आरवू लागण्यास काही महिन्यांचे वय लागते. मांसल जातीचा नर चाळीस-बेचाळीस दिवसांत विकला जातो, आणि अंड्यांच्या जातीचा पहिल्या दिवशीच संपतो.