घराचा कार्बन-हिशेब : छप्पर, पंखा आणि एस. टी.

हवामानबदलावरील लेखाची सुरुवात हिमनद्या आणि ध्रुवीय अस्वले यांच्यापासून करण्याचा प्रघात पडला आहे. विदर्भातील विद्यार्थ्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही नावे त्याच्या परिचयाची आहेत. तेथे दगडी कोळसा जळतो आणि त्यातून निघालेली वीज राज्यभर जाते. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळशापासून एक युनिट वीज तयार करण्यास साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. देशातील जल, सौर, औष्णिक अशा सर्व विजेची सरासरी काढली, तर प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. आपल्या घरातील दिवा आणि कोराडीचे धुराडे यांचे नाते असे एका आकड्यात मांडता येते.

आकडेमोडीपूर्वी आमची भूमिका मात्र स्पष्ट केली पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. देशाच्या वीजविकासाचे नियोजन करणारे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कार्यकाळात, १९४४ मध्ये स्थापन झाले. मुबलक व स्वस्त वीज नसेल तर औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरण नसेल तर दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. बाबासाहेबांच्या चरित्राचा हा भाग आपल्या व्याख्यानांतून फारसा येत नाही, याची आम्हांला खंत वाटते. ज्या वस्त्यांत दिवा सर्वांत शेवटी पोहोचला, त्या वस्त्यांना 'दिवा मालवा' असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून प्रश्न नेमका विचारला पाहिजे : तोच उजेड, तोच गारवा, तोच प्रवास कमी कोळशात आणि कमी पेट्रोलमध्ये मिळेल काय?

विद्यार्थ्यांनी तीन आकडे वहीत लिहून घ्यावेत. एक युनिट वीज म्हणजे ०.७२ किलो. एक लिटर पेट्रोल म्हणजे २.३ किलो. १४.२ किलोचा एक गॅस सिलिंडर म्हणजे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड.

आता दोन कल्पित कुटुंबे घेऊ. पहिले जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे, चार माणसांचे, नोकरदार. महिन्याला दीडशे युनिट वीज, एक सिलिंडर आणि मोटारसायकलला वीस लिटर पेट्रोल. विजेचे १०८, गॅसचे ४२ आणि पेट्रोलचे ४६ मिळून १९६ किलो. दुसरे कुटुंब खेड्यातले, मजुरीवर जगणारे. पस्तीस युनिट वीज, दोन महिन्यांस एक सिलिंडर, बाकी स्वयंपाक सरपणावर, प्रवास एस. टी.ने. त्याची बेरीज पन्नास किलोच्या आसपास थांबते. सरपणाचा धूर या बेरजेत नाही. तो घरातील बाईच्या छातीत जमा होतो. हे कुटुंब उद्या पूर्णपणे गॅसवर आले, तर त्याच्या नावावर आणखी वीसेक किलो चढतील. ती वाढ आम्ही स्वागतार्ह मानतो. हिशेबाची वही माणसापेक्षा मोठी नाही.

पहिल्या कुटुंबाचे तसे नाही. आरक्षणामुळे पगारदार झालेली आपली पहिली-दुसरी पिढी आता याच गटात आहे आणि तिच्या घरांत वातानुकूलन यंत्र येऊ लागले आहे. दीड टनाचे यंत्र रात्री आठ तास चालले तर साधारण दहा युनिट खाते. महिन्याचे तीनशे युनिट, म्हणजे २१६ किलो. एक यंत्र म्हणजे घरात राहायला आलेले आणखी एक संपूर्ण कुटुंबच! त्या तुलनेत आपला वऱ्हाडी कूलर, पंखा आणि पंप धरून दोनशे वॅटचा मानला, तर दहा तासांत दोन युनिट घेतो. महिन्याला सुमारे ४३ किलो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम काम देतो, दमट कोकणात देत नाही. यंत्र घेतलेच असेल तर ते अठरा अंशांवर ठेवून पांघरूण घेण्याची हौस तरी सोडावी. एक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे.

परंतु यंत्राची गरज का भासते, याचे उत्तर डोक्यावर आहे. जुन्या घरांना मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर होते. कवेलूंच्या फटींतून हवा खेळे. ते दरवर्षी फेरावे लागे, माकडे नासधूस करीत, पावसात गळे, म्हणून लोकांनी पत्रा घातला आणि ऐपत आली तेव्हा स्लॅब टाकला. त्यात त्यांचे काही चुकले नाही. पक्के घर ही प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि आहे. पण पत्रा दुपारी तापतो व लगेच उष्णता खाली सोडतो, तर स्लॅब दिवसभर उष्णता साठवून रात्री, नेमक्या झोपेच्या वेळी, ती खोलीत ओततो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. अशा छपराखालील खोलीचे तापमान सामान्यतः दोन ते पाच अंशांनी कमी राहते. अहमदाबाद शहराने २०१३ पासून उष्णता कृती आराखडा राबविला आणि पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याकडे स्लॅबवर चुन्याचे दोन हात पुरतात. चुना आदल्या रात्री भिजवावा, गाळून घ्यावा, त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळावा आणि गच्ची स्वच्छ धुऊन झाडूने लावावा. चुना भिजताना उकळतो व डोळ्यांत उडाल्यास इजा करतो. हे काम लहान मुलांकडे देऊ नये. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा लावावा लागतो. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करून मध्ये हवेची पोकळी ठेवावी. थर्माकोल लावू नये. तो भराभर पेटतो.

घर पाडून नवे बांधणे हा उपाय आम्ही मुद्दामच सांगत नाही. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विनयपिटकात भदन्त आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद आहे. पाचशे चीवरे दान मिळाल्यावर इतक्या वस्त्रांचे तुम्ही काय करणार, असे राजा विचारतो. जुनी चीवरे अंथरुणासाठी, ती जीर्ण झाली की पायपुसण्यांसाठी, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन-भिंतींच्या लिंपणासाठी, असे आनंद क्रमाने सांगतात. घराची डागडुजी कशी करावी, याचे याहून जुने मार्गदर्शन आमच्या वाचनात नाही.

पंख्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. वसतिगृहातील साठ पंखे बदलल्यास काय होईल, असे गणित आम्ही नववीला घातले होते. उत्तर १,२०० युनिट, म्हणजे सुमारे ८६० किलो आले. एका मुलीने विचारले, "सर, खोलीत कोणी नसताना चालणारे पंखे यात धरले का?" ते धरले नव्हते.

छतावरील सौरऊर्जेसाठी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. दोन किलोवॅटला साठ हजार आणि तीन किलोवॅट वा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट छत लागते व ते दिवसाला चारेक युनिट देते. योजना चांगली आहे, परंतु तिला स्वतःचे छत लागते. भाडेकरू आणि ज्यांच्या घराचा कागदच झालेला नाही असे वस्तीतले लोक तिच्या दाराबाहेर राहतात.

प्रवासाचे गणित सोपे आहे. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल किलोमीटरमागे ४६ ग्रॅम सोडते, विजेवरची स्कूटर सुमारे वीस, तर एकट्याने चालविलेली मोटारगाडी दीडशे. एस. टी. लिटरला पाच किलोमीटर चालते असे धरले, तर चाळीस प्रवासी असताना प्रत्येकाच्या वाट्याला अवघे चौदा ग्रॅम येतात. दहाच प्रवासी असतील तर ५४. तेव्हा एस. टी. भरलेली असण्यातच तिचे पुण्य आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पण शेवटची गाडी संध्याकाळी पाचला निघून जात असेल, तर तरुण हप्त्यावर मोटारसायकल घेणारच. त्याला दोष देण्यापेक्षा रात्री आठच्या फेरीसाठी ग्रामसभेत ठराव करून आगाराकडे पाठपुरावा करणे अधिक उपयोगाचे.

उन्हाळी सुटीचा स्वाध्याय पुढीलप्रमाणे. गेल्या बारा महिन्यांच्या वीजबिलांतील युनिट, सिलिंडर आणल्याच्या तारखा आणि पेट्रोलचे लिटर यांचा तक्ता करावा. सरपण असल्यास एका मोळीचे वजन करून आठवड्याच्या मोळ्या मोजाव्यात, आणि ती कोण आणते हेही लिहावे. छपराचा प्रकार नोंदवून दुपारी तीन व रात्री दहा वाजता खोलीचे तापमान घ्यावे. तापमापक प्रयोगशाळेतून सही करून मिळतील. शेवटच्या रकान्यात घर कोणाच्या नावावर आहे ते लिहावे.