सरकारी संगणक-खर्च : इंग्लंडचा धडा

रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्याची प्रचंड योजना इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००२ साली सुरू झाली. मोजक्या बड्या कंपन्यांना दीर्घ मुदतीची कंत्राटे दिली गेली. अब्जावधी पौंड खर्चूनही देशभर एकसंध नोंदव्यवस्था उभी राहिली नाही. अखेर २०११ मध्ये योजना मोडीत काढण्याचे जाहीर झाले.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने स्वतःचे तंत्रज्ञ नेमून 'गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस' हा विभाग स्थापला. २०१२ मध्ये छोट्या कंपन्यांनाही वाव देणारी 'जी-क्लाउड' ही खरेदीपद्धती आली. २०१४ मध्ये, अपवाद वगळता, दहा कोटी पौंडांहून मोठी कंत्राटे देऊ नयेत असे ठरले.

बैलाची पारख नसलेला शेतकरी बाजारात दलालावरच विसंबतो, हे मी घरी पाहिले आहे. कंत्राट लहान केल्याने तोटा आटोक्यात राहतो. पारख मात्र येत नाही. म्हणून कचेरीत जाणकार माणसे असणे हीच खरी काटकसर होय, असे मला वाटते.