प्लेअरवर स्वच्छ, फाइलमध्ये टकटक

प्रश्न : वडिलांच्या नाट्यसंगीताच्या सीडी संगणकावर घेतोय. प्लेअरवर नीट वाजणारी गाणी फाइलमध्ये मध्येच टकटकतात. सीडी खराब झाल्या का?

उत्तर : बहुधा नाही. ऑडिओ सीडीवर प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ओरखड्यामुळे काही वाचता आले नाहीत, तर ड्राइव्ह शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो. तेही जमले नाही की टकटक ऐकू येते. बरीच साधी सॉफ्टवेअर ही चूक न सांगताच पुढे जातात. म्हणून विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ घ्या आणि ‘सिक्युअर मोड’ निवडा. शंकास्पद भाग ते पुन्हा पुन्हा वाचते. वेळ लागतो, लागू द्या.

आधी सीडी मऊ, किंचित ओल्या फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल मुळीच नको. तरीही अडली तर दुसरा ड्राइव्ह लावून पाहा. एकाला न जमलेली सीडी दुसरा अनेकदा वाचतो. छापील बाजूचा खोल ओरखडा मात्र दुरुस्त होत नाही, कारण माहितीचा थर तिथेच, शाईखाली असतो.

टकटक काढणारे फिल्टर शेवटचा उपाय समजा. त्यात तबल्याची थापही बोथट होऊ शकते. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. एमपी३ नंतर केव्हाही करता येते.