चेकॉव्ह: डॉक्टरकी न सोडलेला लेखक




अंतोन चेकॉव्ह यांचा जन्म १८६० मध्ये अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावी झाला. आजोबा भूदास होते. त्यांनी पैसे मोजून कुटुंबाची सुटका करून घेतली होती. वडिलांचे किराणा दुकान १८७६ मध्ये बुडाले, घरचे मॉस्कोला पळाले आणि शाळकरी अंतोन शिकवण्या करत मागे राहिले. १८७९ मध्ये ते मॉस्को विद्यापीठात वैद्यकीला दाखल झाले. घर चालावे म्हणून टोपणनावाने विनोदी साप्ताहिकांना मजकूर पुरवू लागले. त्यांतल्या एकाच्या संपादकाने सुमारे शंभर ओळींची मर्यादा घातली होती. चेकॉव्ह यांच्या आटोपशीर लेखणीचे श्रेय थोडे या मर्यादेलाही जाते. शब्दसंख्येवर कुरकुरणाऱ्या नवलेखकांनी हे ध्यानात ठेवावे.

१८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे डॉक्टरकी सोडून लेखक बनले, असे सर्रास सांगतात. ते तितकेसे खरे नाही. १८८८ मध्ये पुश्किन पारितोषिक मिळाल्यावरही ते रोगी तपासत होते. १८९२च्या पटकीच्या साथीत ते राहत त्या मेलिखोवोच्या आसपासची पंचवीसेक गावे त्यांनी बिनपगारी सांभाळली.

त्याआधी, १८९० मध्ये, नाव झालेले असताना ते सखालिन बेटावर गेले. तेथे सक्तमजुरीच्या कैद्यांची वसाहत होती. सैबेरियातून आरपार जाणारी रेल्वे तेव्हा नव्हती. घोडागाडी आणि आगबोटीने जायलाच जवळपास तीन महिने लागले. बेटावर ते तितकेच राहिले आणि झोपडी-झोपडी हिंडून त्यांनी सुमारे १०,००० माणसांची छापील कार्डे भरली: वय, धर्म, जन्मगाव, धंदा, अक्षरओळख. फटक्यांची शिक्षा उभे राहून पाहिली आणि ‘सखालिन बेट’ या पुस्तकात जशीच्या तशी नोंदवली. संताप आहे, पण तो नोंदीच्या पोटात. कथेतही ते असेच वागतात. लक्षणे नेमकी टिपतात, निकाल वाचकावर सोडतात. ‘वॉर्ड नंबर सहा’मधला डॉक्टर दुःखाबद्दल तत्त्वज्ञान सांगत राहतो आणि अखेर स्वतःच त्या वॉर्डात कोंडला जातो; लेखक मात्र त्याला एका शब्दाने दोष देत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेऊ नये. १८८४ मध्येच खोकल्यातून रक्त पडले होते, तरी १८९७ मध्ये रुग्णालयात भरती व्हावे लागेपर्यंत या डॉक्टराने स्वतःची छाती कुणाला धड तपासू दिली नाही. क्षयानेच ते १९०४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतील बाडेनवायलर येथे वारले.

नाटकांची कीर्ती उशिरा आली. ‘सीगल’ १८९६ मध्ये पीटर्सबर्गला सपशेल पडले. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने तेच उभे केले. मोठ्या घटना पडद्याआड आणि रंगमंचावर चहापान, ही रीत पुढे जगभरच्या नाटककारांनी उचलली.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याने वाचनाची सुरुवात नाटकांपासून करू नये. आधी ‘वॉर्ड नंबर सहा’ वाचावे, मग ‘सखालिन बेट’. तेही रुग्णालयातली पाळी सुरू असतानाच.